मिठाचा भाव

एन्डेल येतो तो गुरुवारी, कॉलरवरचा बर्फ झटकत,
तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाशी बोलून
हळू बोलणं विसरलेला.
अख्ख्या वाचनालयाला ऐकू जातं:
"व्हिर्वे, भर चिखलात घोडा दिवसाला किती चालतो?"

पेपर वाचणारे आता मान वर करत नाहीत.
साऱ्या कुरेसारेला ठाऊक आहे,
बोटीवरून उतरल्यापासून हा माणूस
एक राज्य वसवतोय.

मी पुस्तकं काढून देते.
नालबंदीचं. चरबीच्या मेणबत्त्यांचं.
धान्याच्या जुन्या बाजारभावांचं एक बाड,
ज्याला त्याच्याआधी फक्त कसर लागली होती.
पुस्तकात नसेल त्यासाठी माणसं देते:
विष हवं तर औषधवाली हेल्गी,
"कुणासाठी?" असं ती आधी विचारेल, दचकू नकोस.
वादळाआधी समुद्राला कसला वास येतो
ते मासे धुरवणाऱ्या टोनिसला विचार, पण सकाळी.
दुपारनंतर तो स्वतःच वादळ असतो.

नकाशा त्यानं उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर काढलेला,
उलटा केला की फिकट निळी फुलं.
टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर
माझे शब्दकोश ठेवले त्यानं.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी विचारलं.
बोट फिरवत वर वर गेला,
आणि थांबला. त्याची नदी डोंगर चढत होती.
खोडरबर मागितलं.

नदी वळवली तर दोन शहरं कोरडी पडली,
एका सरदाराचा जकातनाका बुडाला,
अकराव्या प्रकरणातलं लग्न मोडलं,
कारण नवरी होडीतून यायची होती.
महिनाभर तो हे निस्तरत बसला.
मला अपराधी वाटायचं,
थोडा आनंदही व्हायचा, खोटं का बोला.

फेब्रुवारीत एकदा तो मला नाणी दाखवत होता,
गरुडाचं, कोल्ह्याचं, भोक पाडलेलं गरिबांचं,
आणि रात्रीच्या आकाशाचा तक्ता, त्यात तीन चंद्र.
मायमू फरशी पुसत होती.
पंचाहत्तरीची बाई, पाय वर घ्या
यापलीकडे कुणाशी बोलत नाही.
पोछ्यावर रेलून म्हणाली,
"मिठाचा काय भाव तुझ्या राज्यात?"

एन्डेलनं वही चाळली.
पुन्हा चाळली.

"लढाई सरकली त्या हिवाळ्यात
आईनं लग्नातला चांदीचा ब्रोच देऊन
अर्धं पोतं मीठ आणलं. मासे खारवायचे होते.
राज्य कुणाचं आलं ते आम्हाला वसंतात कळलं."
आणि बादली उचलून ती
बालविभागाकडे गेली.

पुढचे तीन गुरुवार तो आला नाही.
बाजारभावांचं बाड परतीची तारीख उलटून गेलं.
दंडाची चिठ्ठी लिहून मी खणात ठेवली,
पाठवली नाही.

चौथ्या गुरुवारी आला, दाढी वाढलेली.
सुरुवातीची चाळीस पानं फाडली म्हणाला.
"आणि चंद्र?"
"एकच उरला. दोन मिठात गेले."

मग वाचायला लागला, नेहमीच्या आवाजात,
आजूबाजूला इंजिन चालू असल्यासारखा:
बंदरावर एक बाई बसली आहे, मांडीवर तराजू,
समोर ओळ, ओळीत एक शिपाई,
ज्याच्या हातात बायकोची कर्णफुलं आहेत
आणि तो ती मूठ उघडत नाही.

टोनिससुद्धा ऐकत होता, दुपार असून.
पोछा केव्हाचा थांबलेला.
वाचून झाल्यावर कुणीच काही बोललं नाही,
फक्त रेडिएटर ठोकत राहिला.

मग मायमू म्हणाली,
"इतकं सरळ माप कुणी देत नाही रे.
ती काट्यावर अंगठा ठेवते. लिही."

त्यानं खिशातून पेन्सिल काढली,
टोक जिभेला लावलं,
आणि पहिल्यांदाच
अगदी हळू आवाजात विचारलं,
"डावा की उजवा?"